कोलासो सर आणि चौथा आवाज

कोलासो सरांइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे आणि त्यांनी ते मान हलवून कबूलही केलेलं आहे. वर म्हणाले, "भित्रा आहे म्हणून तर नाटक शिकवता आलं, वैशालीताई. शूर असतो तर पीटी शिकवली असती."

लालबागची खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या आतल्या गल्लीत 'निलांबरी'त राहायला आलो त्या दिवसाची गोष्ट. खाली दुकानं, वर चार मजले, मजल्यावर चार घरं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोनशे तीन. सामान अजून टेम्पोतून उतरत होतं आणि खालच्या एकशे तीनमधले एक गृहस्थ जिना चढून आले. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, सावळा रंग, जाड भिंगांचा चष्मा.

"मी पास्कल कोलासो. ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. झोपताना गॅसचा रेग्युलेटर बंद करता ना?"

माझा नवरा म्हणाला, "हो, करतो."

"आणि सकाळी चालू करायच्या आधी खिडकी उघडता?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. तेवढ्यात सरांच्या मागून त्यांच्या बायको, एमिली आंटी, चहाची किटली घेऊन आल्या. "पास्कू, त्यांना जरा दम खाऊ दे की," असं नवऱ्याला म्हणाल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "घाबरू नका. तो सगळ्यांना हेच विचारतो."

सर बसमध्ये दाराजवळच्याच सीटवर बसत. बाल्कनीच्या कठड्याला कधी हात लावत नसत. पाल दिसली की घरातून बाहेर येऊन जिन्यात उभे राहत आणि आंटी झाडू घेऊन आत लढत. सोसायटीचे सेक्रेटरी मोहिते तिसऱ्या मजल्यावर, आमच्या बरोब्बर डोक्यावर राहायचे. मोठ्या आवाजाचा, कामाला वाघ माणूस. ते सरांना जिन्यात गाठून विचारायचे, "काय सर, आज कशाला घाबरलात?" सर शांतपणे त्या दिवसाचं कारण सांगायचे. चेष्टा करणाऱ्याचीच पंचाईत व्हायची.

सर मूळचे उत्तनचे. वडील मच्छीमार. वडिलांविषयी ते फार कमी बोलत, आईविषयी पुष्कळ. "माझा बाप मला आठवतो तो नसलेलाच," म्हणायचे. "तो नेहमी समुद्रावर. आम्ही पोरं आईच्या तोंडाकडे बघत बसायचो. होडीला उशीर झाला की ती रडायची नाही, ओरडायची नाही. झाडलेलं अंगण परत झाडायला घ्यायची. तिसऱ्यांदा झाडू उचलला की मोठी बहीण आम्हाला घेऊन देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जायची. समुद्र आमच्या घरातून दिसायचा नाही, पण त्या झाडूवरून कळायचं तिकडे काय चाललंय." पुढे नाटकाविषयी त्यांनी आम्हाला जे काही शिकवलं ते सगळं त्या अंगणातून आलेलं होतं, असं मला वाटतं.

रिटायर झाल्यावर त्यांनी दर रविवारी चार ते सहा नाटक वाचायला बसायचं सुरू केलं. त्यांच्याच हॉलमध्ये. कायमचे आम्ही तिघं: मी, मोहिते आणि चौथ्या मजल्यावरच्या हंसाबेन. मोहिते तरुणपणी गणपतीत नाटकं करायचे, म्हणून यायचे. हंसाबेनचा मुलगा सुरतेला, नवरा वारलेला. त्या मराठी वाचून होतं आणि वेळ जातो म्हणून यायच्या. मी का जायचे? बारा वर्षं विमा कंपनीत क्लेमचे फॉर्म तपासल्यावर माणसाला काहीतरी दुसरं वाचावंसं वाटतं, एवढंच.

सरांची शिकवायची पद्धत साधी होती. नाटकातली भाषणं ते आम्हाला वाचायला लावत आणि कंसातल्या सूचना स्वतः वाचत. ज्या सूचना आपण डोळ्यांनी ओलांडून जातो त्या ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचायचे. "स्टेजवरचं सगळ्यांना दिसतं," म्हणायचे. "विंगेकडे लक्ष ठेवा. लेखकाला जे दाखवायला भीती वाटते ते तो विंगेत ठेवतो." एकदा आम्हाला बोरिवलीला एका रहस्यनाटकाला घेऊन गेले. आत शिरल्यावर आधी बाहेर जायची दारं मोजली. मग कडेच्या खुर्चीवर बसले आणि पूर्ण दुसरा अंक स्टेजकडे न बघता आमच्या तोंडाकडे बघत राहिले. मी वैतागून म्हटलं, "अहो सर, तिकीट काढलंय ना?" तर म्हणाले, "मला आवाज ऐकू येतोय की. तो ऐकून तुम्ही काय करताय ते बघतोय. हंसाबेननी पर्सची चेन चार वेळा उघडली."

त्यांची आवडती एकांकिका एकच होती. त्यांच्या कॉलेजात चित्रकला शिकवणाऱ्या एका मित्राने लिहिलेली, कधी छापली न गेलेली. टाइप केलेल्या बावीस पानांच्या झेरॉक्स. गोष्ट म्हटली तर काहीच नाही. एका घरात नवरा, बायको आणि आत्या जेवायला बसलेत. मागची खोली बंद आहे. जेवण चालू असताना त्या खोलीतून चार वेळा काहीतरी घासल्याचा आवाज येतो. पडदा पडतो तरी खोली उघडत नाही.

पहिल्यांदा वाचली तेव्हा मोहिते चिडलेच. "सर, खोलीत होतं काय शेवटी?"

"मला काय ठाऊक?"

"लेखकाला विचारलं नाहीत?"

"विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं." सर हसले आणि पान उलटून मागे गेले. "खोलीत काय आहे यावर हे नाटक उभं नाही, मोहितेसाहेब. आवाज चारही वेळा तोच आहे, बघा. लेखकाने शब्दसुद्धा बदललेला नाही. बदलतं काय? पहिल्या आवाजाला तिघांचे घास हातात थांबतात. दुसऱ्याला नवरा म्हणतो, उंदीर असेल. तिसऱ्याला?"

मी बघितलं. "तिसऱ्याला कोणीच काही बोलत नाही."

"बोलत नाही, पण बायको काय करते? कंस वाचा."

"न मागता भात वाढते."

"न मागता!" सर खुर्चीतून अर्धे उठले. "तो भात म्हणजे त्या आवाजाला दिलेलं उत्तर आहे. तिने आवाज ऐकला नसता तर वाढला असता का? पहिल्या वेळी भीती खोलीत होती. दुसऱ्या वेळी ती नवऱ्याच्या तोंडी आली, उंदीर होऊन. तिसऱ्या वेळी ती ताटात आली. आता ती रोज जेवणार. घाबरलेली माणसं पळतात असं लोकांना वाटतं. माझ्यासारखी दोनचार पळतात. बाकीची वाढायला घेतात."

हंसाबेन म्हणाल्या, "अने चौथा?"

"चौथ्या आवाजाला लेखकाने काहीच लिहिलेलं नाही. नुसतं 'आवाज' आणि पुढे अर्धं पान कोरं. तिथे तो ऐकतोय, आपण काय करतो ते."

त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला हे सगळं उत्साहाने सांगितलं आणि सांगता सांगता न मागता त्याला पोळी वाढली. आम्ही दोघं हसलो. तोपर्यंत हसण्यासारखंच होतं.

मग निलांबरीतच आवाज सुरू झाले. सुरुवात एका दुपारी झाली, कट्‍ असा एकच, भिंतीच्या आतून. लाकडी फळी मोडावी तसा. सर सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या किचनच्या कोपऱ्यात उभी भेग आली आहे. मी तिच्या टोकाशी पेन्सिलीने तारीख लिहून ठेवतो. टोक दर महिन्याला तारीख ओलांडून पुढे जातं. भिंत सरकते का बघायला भेगेवर सिमेंटने काचेची पातळ पट्टी चिकटवली होती, ती काल तडकली. स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या.

 मग मोहिते म्हणाले, "सर, तुम्ही पाल बघून जिन्यात येता," आणि सगळे भरपूर हसले. ऑडिट म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. बिल्डिंग धोकादायक ठरली की नोटीस, नोटीस आली की पाणी बंद, लाईट बंद, आणि आपण सामानासकट रस्त्यावर. परत घर कधी मिळेल ते देवाला ठाऊक. मिनिट्‍समध्ये लिहिलं गेलं की प्लास्टर दुरुस्त करावं आणि बाहेरून रंग काढावा. रंग छान निघाला, फिकट पिस्ता.

आता माझं सांगते. माझ्या किचनमध्येही भेग होती. सरांच्या वर, त्याच कोपऱ्यात. आधी केसाएवढी, मग पेन्सिलीएवढी. मी तिच्यात पुट्टी भरली. पुट्टी महिन्याभरात फाटली. मग मी नवऱ्याला लावून धान्याचं कपाट तिच्यापुढे सरकवलं. आमच्या मुलीचं बारावीचं वर्ष होतं. क्लासेस, टेस्ट सिरीज, रात्रंदिवस अभ्यास. मार्चपर्यंत काही होऊ नये, एकदा बारावी होऊ दे, मग बघू. हे आम्ही एकमेकांना मोठ्याने कधी बोललो नाही, पण ठरलेलं होतं. कपाटामागून अधूनमधून वाळू सांडल्यासारखी सरसर ऐकू यायची. मी रेडिओ लावायचे. शेजारच्या खोलीत पोरगी पाठांतर करायची आणि मी छताकडे बघत भाजी चिरायचे. मी मूर्ख नव्हते. रोज घाबरत होते, आणि त्या भीतीसकट रोज डबा भरत होते.

सरांना काय करावं कळेना. एरवी घाबरून मोकळा होणारा माणूस आतल्या आत घाबरायला लागला. मला वाटतं त्यांना पहिल्यांदाच अशी भीती वाटत होती जी एकट्याने पळून संपणार नव्हती. आंटी म्हणायच्या, "चल उत्तनला, भावाकडे. घर हाय, जागा हाय." सर म्हणायचे, "आणि वरचे?"

जानेवारीत त्यांच्या किचनचं दार अडकायला लागलं म्हणून त्यांनी गल्लीतल्या सुताराला बोलावलं. सुताराने रंधा मारला आणि जाता जाता सहज म्हणाला, "सर, इस लाईन में आपका ही बाकी था. ऊपर तीनों का किचन का दरवाजा छील चुका हूँ. चौथे माले का तो दो बार."

हे मला नंतर आंटींनी सांगितलं. तो गेल्यावर सर तासभर खुर्चीत बसून होते. चौकट सरकल्याशिवाय दार अडकत नाही, आणि वरच्या तिघांच्याही चौकटी सरकल्या होत्या. म्हणजे आम्हा तिघांनाही ते माहीत होतं. आम्ही रविवारी त्यांच्या समोर बसून चहा प्यायचो, नाटकातल्या बायकोला नावं ठेवायचो, आणि घरी जाऊन आपापलं कपाट भिंतीला घट्ट लावायचो.

पुढच्या रविवारी सरांनी ती बावीस पानं परत काढली. मोहिते म्हणाले, "परत हीच?" सर म्हणाले, "आज फक्त वाचू. मी काही समजावणार नाही." त्यांनी मोहितेंना नवरा दिला, हंसाबेनना आत्या, मला बायको. कंस त्यांनी घेतले. त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा लागत नव्हता.  मला वाटलं, ताप असेल.

आम्ही वाचत गेलो. पहिला आवाज, घास थांबले. दुसरा, मोहितेंनी 'उंदीर असेल' झकास म्हटलं. तिसरा, भात. मग सर म्हणाले, "आवाज." आणि थांबले. पुढे कोरं अर्धं पान.

पंखा बंद होता. खाली रिक्षावाला कोणाशी तरी भांडत होता, तोही गप्प झाला. आणि सरांच्या किचनमधून, भिंतीच्या आतून, सरसर वाळू सांडली. थांबली. परत थोडी सांडली.

हंसाबेननी पदर सारखा केला. मोहितेंनी पान उलटलं, उलटायचं काही नसताना. मी टीपॉयवरची बशी उचलली आणि विचारलं, "चकली देऊ का कोणाला अजून?"

सर माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "वैशालीताई, तुम्ही आत्ता काय केलंत?"

माझ्या हातातली बशी खाली पडली. चकल्या सतरंजीवर.  मी म्हटलं, "सर, माझ्या कपाटामागे भेग आहे."

 मग हंसाबेन अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मारे त्यां पण. भगवानना कॅलेंडर पाछळ."

मोहिते उठून खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाले, "मेमध्ये पोराचं लग्न आहे. म्हटलं लग्न होऊ दे."

आम्ही चौघं उठलो. आधी माझ्याकडे गेलो. मोहितेंनी आणि माझ्या नवऱ्याने कपाट ओढलं. पुट्टी गळून पडली होती, आत गंजलेली सळई दिसत होती. मग मोहितेंच्या घरी फ्रीज सरकवला. मग चौथ्या मजल्यावर हंसाबेननी हात जोडून कॅलेंडर काढलं. त्यांच्या भेगेत माझं अख्खं बोट गेलं, आणि पलीकडून गार वारा लागला. चार मजले, एकच कोपरा, वरपासून खालपर्यंत एकच भेग. आमच्यातल्या प्रत्येकाला तिचा आपला तेवढा दहा फुटांचा तुकडा माहीत होता. सर हंसाबेनच्या दाराबाहेरच उभे होते, आत यायची त्यांची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मोहितेंच्या ओळखीतला इंजिनियर आला. आधी तळमजल्यावरच्या दुकानाच्या मागच्या गोदामात गेला. पाच मिनिटांत बाहेर आला आणि रस्त्यावर उभा राहूनच बोलायला लागला. मोहिते म्हणाले, वर चला ना, दाखवतो. तो म्हणाला, "मी वर येणार नाही. तुम्हीही जास्त वेळ थांबू नका. संध्याकाळपर्यंत खाली करा."

त्या दिवशी काय उचललं आणि काय सोडलं ते आता नीट आठवत नाही. मुलीची पुस्तकं, सासूबाईंचा फोटो, कुकर का घेतला देव जाणे. जिन्यात माणसांची रीघ. प्रत्येकाला वाटत होतं आपल्या पावलाने काहीतरी हलतंय. आणि सर, ज्यांनी सगळ्यांच्या आधी पळावं असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलो, ते तळमजल्यावर जिन्याच्या तोंडाशी उभे होते, अगदी त्या भेगेच्या कोपऱ्याखाली. हातात वही, सोळा घरांची नावं, बाहेर पडेल त्याच्यापुढे टिक. रस्त्यापलीकडून आंटी ओरडत होत्या, "पास्कू, ये ना रे भायेर!" सरांचं लक्ष नव्हतं. धाडस वगैरे काही नव्हतं. मी जवळून गेले तेव्हा त्यांचे दात वाजत होते. मला म्हणाले, "मुलगी? मुलगी उतरली?" मी म्हटलं, ही काय. त्यांनी टिक केली. सोळावी टिक झाल्यावर त्यांना चालता येईना. मोहितेंनी त्यांना काखेत धरून रस्ता ओलांडून नेलं.

आणि निलांबरी पडली नाही.

आठवडा गेला, महिना गेला, पावसाळा गेला. ती आपली पिस्ता रंगात उभी. आम्ही पांगलो. मोहिते नायगावला भाड्याने गेले. मुलाच्या लग्नात पत्रिकेवर पत्ता कोणता घालायचा यावरून व्याह्यांशी कटकट झाली. हंसाबेन मुलाकडे गेल्या. तिकडे माझं कोणी ऐकत नाही, असं फोनवर रडायच्या. आम्ही काशीमीऱ्याला हायवेलगत एका खोलीत. दिवसभर ट्रकचे हॉर्न, त्यात पोरीची परीक्षा. मार्क कमी पडले, मेडिकल हुकलं. दुसरा पावसाळा गेला. बिल्डिंग पाडायची कधी, नवी बांधायची कोणी, यावर आम्ही सोळा जण वकील लावून भांडत होतो. आणि भांडणात कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं की त्या कोलासोच्या नाटकापायी घरं गेली. मग सगळेच म्हणायला लागले. इंजिनियरचं नाव कोणी घेत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मीही म्हटलं. तोंडाने नाही, पण मुलीच्या निकालाच्या दिवशी मनात म्हटलंच.

सर उत्तनला भावाच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायला गेले होते. रविवारी चारच्या सुमाराला बस पकडून भाईंदरला यायचे आणि गल्लीत निलांबरीसमोर उभे राहायचे. एकदा मी कामाने तिकडे गेले तर दिसले. निम्मे झाले होते. समोरच्या पानवाल्याने मला बघून त्यांना हाक मारली, "क्या सर, गिरी क्या?" टपरीवरचे दोघंतिघं हसले. सरांनी मला ओळखलं, पण नमस्कार न करता एकदम बोलायलाच लागले.

"वैशालीताई, मी रोज प्रार्थना करतो, पडू दे. एकदाची पडू दे, म्हणजे मी चुकलो नाही. आणि मग मला दरदरून घाम येतो. खालून कोणी जात असलं तर? एखादं पोर? मी माणसं मागतोय का देवाकडे? म्हणून इथे येतो. कोणी भिंतीला टेकून उभा राहिला की त्याला उठवतो."

मी म्हटलं, "सर, तुमचं चुकलं नाही."

"ते तुम्हाला कसं कळलं?"

 आधी पडेल म्हणून घाबरणारा माणूस आता उभी राहील म्हणून घाबरत होता. नाटकं वाचायची त्यांनी सोडून दिली होती. ती बावीस पानं त्यांनी चुलीत घातली, असं आंटींनी मला पुढे सांगितलं.

यंदा शेवटी बिल्डिंग पाडायचं मशीन आलं. मी मुद्दाम रजा टाकून बघायला गेले. मला वाटलं होतं, हात लावताच बसेल. बसली नाही. सतरा दिवस लागले. आमचा कोपरा, ती तीन नंबरची लाईन, सगळ्यांत शेवटी गेली. मशीन चालवणारा घाम पुसत मला म्हणाला, "माल अच्छा था, मॅडम. और बीस साल निकाल देती." त्याला काय कळतं, असं मी स्वतःला सांगितलं. इंजिनियर खरा की तो खरा, मला अजून माहीत नाही. माझं बोट त्या भेगेत गेलं होतं एवढंच मला माहीत आहे.

त्याच आठवड्यात एमिली आंटींचा फोन आला. "त्याला झोप न्हाय. जेवत न्हाय. कोन सांगेल तर विश्वास ठेवत न्हाय. तू ये नि सांग काय ते."

मी दुपारच्या बसने उत्तनला गेले. घरापुढच्या वलांडीवर, आडव्या बांधलेल्या बांबूंवर, बोंबील वाळत होते. सर ओसरीवर खाटेवर बसले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मला बघून उभे राहायचा प्रयत्न केला. बसच्या अख्ख्या वाटेवर मी ठरवत आले होते काय सांगायचं, आणि ह्या माणसापुढे ते टिकेल का याची मला भीती वाटत होती. माणसं काय बोलतात याच्यापेक्षा बोलताना त्यांचे हात काय करतात हे बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्यापुढे मी खोटं बोलायला बसले होते. मी हात पदराखाली घेतले.

"पाडली, ना?" सरांनी विचारलं.

"पाडायची वेळच आली नाही, सर. मशीन गल्लीत शिरलं आणि त्याच्या धक्क्यानेच मागचा कोपरा खाली आला. चारही मजले."

ते माझ्याकडे बघत राहिले.  आंटी दारात उभ्या होत्या, पुतण्याने त्यांना मोबाईलवर मशीनचा अख्खा व्हिडिओ दाखवलेला होता. त्यांनी नजर खाली घातली.

"आमचं किचन?" सर म्हणाले.

"पहिलं तेच."

"आणि तुमचं? ज्याच्या शेजारी मुलगी बसायची?"

"ते पण, सर."

सरांनी चष्मा काढला. मग आत बघून हाक मारली, ती हॉलमधली शिक्षकाची हाक नव्हती, "एमिले! पडली गो!" आणि काठी न घेताच ओसरी उतरून अंगणात गेले. वलांडीपाशी एक शेजारीण बोंबील उलटे करत होती. तिला या सगळ्यातलं काही ठाऊक नव्हतं. सरांनी तिचा हात धरला आणि हसत, रडत, गावच्या बोलीत सांगायला लागले, "आमची बिल्डिंग पडली गो! अख्खी पडली. आनि वर कोन न्हवता! येक मानूस वर न्हवता!"

ती बाई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवून हो म्हटलं.